कै. मायकल टोबीन हे सन १८८९ मध्ये मरण पावले नसल्याबाबत

प्रति,
मा. अभिलेखाधिकारी साहेब,
जुने जन्म-मृत्यू अभिलेख कार्यालय,
नागपूर.

अर्जदार : चंद्रभान विश्वनाथ पौनीकर, सेवानिवृत्त शिक्षक (संस्कृत व मराठी), राहणार तांडापेठ, नागपूर.

विषय : कै. मायकल टोबीन यांच्या सन १८८९ च्या मृत्यूच्या दाखल्यावर सही न करणेबाबत, व ते सन १८९४ मध्ये हयात होते असा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : (१) आपल्या कार्यालयाचे "नोंद आढळत नाही" हे पत्र. (२) आपल्याच कार्यालयाचे "सदर इसमाने समक्ष हजर राहावे" हे पत्र. (३) लिपिक श्री. बाबनराव यांनी खिडकीतून दिलेले तोंडी आश्वासन, ज्यास जावक क्रमांक नाही.

महोदय,

१. आपण या पदावर नुकतेच रुजू झाल्याचे समजले. अर्जदारास याचा आनंद आहे, कारण आपले पूर्वाधिकारी हे प्रकरण समजून घेता घेता भंडाऱ्यास बदलून गेले. म्हणून ते आरंभापासून सांगणे भाग आहे. आपल्या टेबलावर एक दाखला सहीसाठी ठेवलेला आहे. मायकल टोबीन नावाचे आयरिश गृहस्थ सन १८८९ मध्ये नागपूर मुक्कामी मरण पावले, असे त्यात प्रमाणित केले आहे. हे गृहस्थ अर्जदाराचे आजेसासरे होत. ते त्या साली मेले नव्हते. त्यानंतर पाच वर्षांनी त्यांना कन्या झाली. ती कन्या म्हणजे अर्जदाराच्या सासूबाई श्रीमती प्रयागबाई. हा अर्ज लिहिला जात असताना त्या स्वयंपाकघरात अर्जदाराच्या पत्नीस, म्हणजे आपली लेक सुमती हिला, वरणात मीठ कमी पडल्याचे ऐकवीत आहेत. आपली सही त्या दाखल्यावर झाली, तर हा आवाज कोणाचा, हे शासनास सांगता येणार नाही.

२. आयर्लंड देशी वॉटरफर्ड परगण्यात कुमारी एलेन टोबीन या टपालखात्यातून निवृत्त झालेल्या वयोवृद्ध बाई राहतात. मायकल यांचे थोरले बंधू पॅट्रिक, त्यांच्या त्या नात. त्या आपल्या घराण्याची वंशावळ लिहीत आहेत. त्यांच्या देशाचे पुष्कळ जुने दप्तर सन १९२२ च्या धामधुमीत डब्लिन शहरी जळून गेले. म्हणून त्यांनी गावचे चर्च, थडगी आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी यांवर काम भागवले. एक जागा मात्र रिकामी राहिली. घरच्या थडग्याच्या दगडावर "मायकल, नागपूर, हिंदुस्थान, १८८९" असे कोरलेले आहे, परंतु या मृत्यूची सरकारी नोंद कोठेच मिळेना. ज्या देशाचे दप्तर जळालेले नाही त्या देशात ते सापडत असेल, अशी त्या बाईंची समजूत झाली. परदेशी माणसाच्या भोळेपणास हसू नये. त्यांनी आपल्या कार्यालयास लिहिले, आणि त्या साली या नावाची नोंद आढळत नाही, असे उत्तर त्यांना गेले. हे उत्तर बरोबर होते. अर्जदार हे मुद्दाम नमूद करतो, कारण या प्रकरणात आपल्या कार्यालयाकडून बरोबर झालेली ती एकमेव गोष्ट आहे.

३. मग त्या बाईंनी, मायकल जेथे फिटर होते त्या कापडगिरणीस पत्र घातले. गिरणीतल्या जुन्या माणसांना "टोबीनसाहेबाची लेक" ठाऊक होती. त्यांनी ते पत्र तांडापेठेत पोचते केले. सासूबाईंच्या सांगण्यावरून अर्जदाराने इंग्रजीत उत्तर लिहिले, की मी मायकल यांची एकुलती एक कन्या, जन्म सन १८९४, आपणांस कोणी आत्या उरली नसल्यास मी आहे. उलट टपाली जे पत्र आले ते सौजन्याचा नमुना होते, आणि सुरीसारखे होते. कुमारी एलेन लिहितात : "माझे चुलत आजोबा १८८९ मध्ये वारले. आपण कोणा दुसऱ्या टोबीनच्या कन्या असाव्यात. ज्यांना जाऊन पाच वर्षे झाली होती त्यांच्या नावाखाली आपले नाव मला लिहिता येत नाही. ते त्यानंतर जिवंत होते असे सांगणारा सरकारी कागद दाखवाल, तर मी आनंदाने आपले नाव लिहीन आणि दगडही बदलून घेईन. वंशावळ ईस्टरच्या सणाला छापखान्यात जाणार आहे."

४. महोदय, आता प्रश्न असा, की नागपुरात जिवंत असलेला माणूस वॉटरफर्डात मेला कसा. आपण मूळचे रत्नागिरीकडील असल्याचे कळते, म्हणून इकडची एक रीत सांगणे अवश्य आहे. कावळा माणसाच्या डोक्यावर येऊन बसला, तर तो मरणाचा सांगावा समजतात. त्यावर उपाय एकच : त्या माणसाच्या रक्ताच्या नातलगांकडे तो मेल्याची खोटी बातमी धाडायची. त्यांनी ती खरी मानून रडले पाहिजे. रडणे झाले की मरण वसूल झाले. दुसऱ्या दिवशी तोच निरोप्या जातो आणि कावळा बसला होता म्हणून सांगतो. मग रडलेले लोक त्याला आधी शिव्या देतात आणि नंतर जेवू घालतात. अर्जदार या समजुतीचे समर्थन करीत नाही. तो केवळ कार्यकारणभाव मांडीत आहे.

५. टोबीनसाहेब तांडापेठेतील विणकर रुपराव यांच्या घरी भाड्याने राहत. गिरणीतून सुटले की ते रुपरावांच्या मागाशेजारी बसत आणि धोट्याची ये-जा पाहत. असे पाहता पाहता रुपरावांच्या कन्या मनकर्णा यांच्याशी त्यांचे लग्न झाले, पादरीसाहेबांसमोर एकदा आणि मांडवात एकदा. पुढल्याच उन्हाळ्यात, म्हणजे सन १८८९ मध्ये, ते विहिरीवर डोके धूत असता कावळा येऊन त्यांच्या डोक्यावर बसला. पुढचा वृत्तान्त सासूबाईंनी त्यांच्या आजी जयवंताबाई, म्हणजे रुपरावांच्या पत्नी, यांच्या तोंडून ऐकला. अर्जदार तो सासूबाईंच्या भाषेत उतरवून घेत आहे, कारण तो सुधारून लिहिल्यास "माह्या आजीले बामनीन करून राहिले का?" असे विचारले जाते :

"आजीनं कपाळाले हात लावला. म्हने, जवाई आपला हाय, पण रगत आपलं नाई. आपल्या रडण्यानं काय होते? याची माय तं साता समुद्रापार. मंग गिरणीतल्या गुलाबचंद बाबूले बलावलं. म्हने, लिव्ह, मायकल मेला. त्यो म्हने, 'आजी, जित्या मानसाले इंग्रजीत मारू कसा?' आजी म्हने, 'मराठीत मारतेत तसाच मार. आन् रडा म्हनून लिव्ह, नाई तं ते लोक नुसते टोपी काढून उभे राह्यतीन.'"

गुलाबचंदबाबूंचे इंग्रजी उत्तम असल्याचे सर्वत्र बोलले जाई. ते किती उत्तम होते, हे परिणामावरून दिसले.

६. टोबीनसाहेब संध्याकाळी कामावरून आले तेव्हा पत्र टपालात पडून गेले होते. ते आधी हसले. मग माझी आई रडेल, असे त्यांनी म्हणताच जयवंताबाईंनी उत्तर दिले, "रडलीच पाह्यजे. त्याच्यासाठीच तं धाडलं." लगेच दुसरे पत्र घालून खुलासा करावा, असा टोबीनसाहेबांचा विचार होता. त्यावर जयवंताबाईंनी जो आक्षेप घेतला तो तर्कशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष आहे : "मागची चिठ्ठी पहिले पोचली तं? रडण्याच्या अगोदर हासले तं सारं वाया." तेव्हा रडल्याची पोच येईपर्यंत थांबावे, असे ठरले.

७. पोच आली. ती गुलाबचंदबाबूंच्या नावे होती. मायकलच्या नावाने चर्चमध्ये प्रार्थना झाली. सारा गाव तिकडच्या रीतीप्रमाणे दोन रात्री दारू पीत घरी बसून होता. ज्या शेजाऱ्याशी गाढवावरून भांडण होते तोही रडला. भावाने दगड कोरून घेतला. मायकल किती कष्टाळू, किती मायाळू, घराचा कसा आधार, याचे वर्णन दोन पाने भरून होते. सासूबाई सांगतात : "बा म्हने, जितेपनी मले आळशी म्हनत होते. मेल्यावर एवढे चांगले शब्द लिवले. आता दगड कोरला, दारू पेऊन झाली, गाढववाला रडून बसला. मी कोन्त्या तोंडानं सांगू का जिता हाय म्हनून?"

तरीही त्यांनी लिहायचे ठरवले. पुढल्या डाकेने नक्की, असे ते म्हणत. लिहायला बसत, पहिली ओळ लिहीत आणि ती वाचून उठत. डाका गेल्या, वर्षे गेली, मुलगी झाली, आणि तिकडे आई गेली, भाऊ गेला, हेही गुलाबचंदबाबूंना आलेल्या पत्रांतून कळले. एके दिवशी मायकल यांच्या लक्षात आले, की आपण जिवंत असल्याचे ज्यांना कळवायचे ते कोणीच जिवंत नाही. त्यानंतर त्यांनी शाई घेणे बंद केले.

८. त्यांचा खरा मृत्यू सन १९११ मध्ये काटोल येथे झाला. गिरणी सोडल्यावर एका संत्र्याच्या बगीच्यातील इंजिन सांभाळण्यास ते व मनकर्णाबाई तेथे राहत होते. अर्जदार मागील महिन्यात एसटीने काटोलास गेला. त्या काळच्या कोतवालाचे चिरंजीव भैयाजी अद्याप हयात आहेत, दारात बाजेवर बसलेले असतात. मृत्यूची वर्दी ठाण्यात देणे हे त्यांच्या वडिलांचे काम. ती नोंद का नाही, असे विचारता ते अर्जदारास म्हणाले :

"काय सांगू, गुरुजी. बा बजारात होता. बगीच्यातला गडी धावत आला, टोबीनसाहेब मेले म्हने. बा हासला. साऱ्या मुलखाले ठाऊक होतं ना त्या घरची गोष्ट. म्हने, 'काहून गा, पुन्हा कावळा बसला का?' गडी रडून राहिला अन् लोक हासून राहिले. नागपूरले निरोप गेला तं तिकडचेबी तसेच. पान खाल्लं अन् मागावर बसले. बा दुसऱ्या दिवशी साहेबाले चिडवाले म्हनून गेला. पाह्यते तं बगीच्यात माती ओली. गिरणीतले दोन किरिस्तांव आले होते, त्याईनं प्रार्थना म्हनून गाडून टाकलं होतं. आता बा ठाण्यात काय सांगन? काल काहून नाई आला म्हनून जमादारानं सोलला असता. मंग ते राहूनच गेलं."

अर्जदार उठू लागला तेव्हा भैयाजींनी त्यास पुन्हा बसवले. मग म्हणाले, "बा मरेस्तोवर त्या बगीच्याकडून गेला नाई." बगीचा आता तोडलेला असून तेथे तूर पेरतात.

९. ही हकिकत घेऊन अर्जदार आपल्या कार्यालयात आला. खिडकीवर श्री. बाबनराव असतात. ते स्वभावाने सज्जन आहेत, त्यांच्याविरुद्ध अर्जदाराची तक्रार नाही. पाणी विचारल्यावाचून ते कोणास परत पाठवीत नाहीत. ते म्हणाले, "गुरुजी, मेल्याचा पुरावा आना, मंग मेल्याची नोंद देतो." मेल्याचा पुरावा कोणता, असे विचारता म्हणाले, "मेल्याची नोंद." अर्जदाराने लेखी विचारणा केली. तेव्हा संदर्भ क्रमांक दोनचे पत्र आले, ज्यातील वाक्य अर्जदार जसेच्या तसे उद्धृत करतो : "मृत्यूची नोंद उपलब्ध नसल्याने सदर इसम हयात असल्याचे गृहीत धरण्यात येत असून, खुलाशासाठी सदर इसमाने ओळखपत्रासह समक्ष हजर राहावे." सदर इसमाचे वय आज एकशे अठरा वर्षे होईल. या गृहीतकाचा अर्जदार आदर करतो. फक्त ते पंच्याऐंशी वर्षे आधी धरले गेले असते, तर कोणाचेच काही बिघडले नसते.

१०. प्रयागबाईंच्या जन्माची नोंद तरी पाहावी, तर १८९४ चे पुस्तक बांधणीस गेले आहे. केव्हा गेले हे बांधणीच्या नोंदवहीत आहे, आणि बांधणीची नोंदवहीही बांधणीस गेली आहे.

११. येथवर केवळ विलंब होता. अनर्थ पुढे झाला, आणि त्यास अर्जदाराचा उत्साह कारण झाला. वॉटरफर्डहून गुलाबचंदबाबूंना पोच म्हणून आलेले ते पत्र सासूबाईंनी ट्रंकेत जपून ठेवले होते. कावळ्याची गोष्ट खरी आहे हे दाखवावे, म्हणून अर्जदाराने ते, कुमारी एलेन यांनी पाठवलेल्या दगडाच्या छायाचित्रासह, खिडकीतून आत दिले. बाबनरावांनी ते दोनदा वाचले, त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते म्हणाले, "अरे, हा तं पुरावाच हाय! दगडबी हाय, चिठ्ठीबी हाय. अठराशे एकोणनव्वदचा दाखला देऊन टाकतो. भानगड मिटली." अर्जदार म्हणाला, की ते साल खोटे आहे. त्यावर उत्तर मिळाले, "गुरुजी, साल कोन्तंबी असो, मानूस तं एकच हाय, अन् मेला तं हायच ना? तुमाले दाखला पाह्यजे होता, भेटून राहिला. आता काहून वाद घालता?"

तोच हा दाखला. तो आपल्या सहीनंतर परस्पर कुमारी एलेन यांच्याकडे रवाना होणार आहे, कारण मूळ मागणी त्यांची होती.

१२. महोदय, न्यायशास्त्रात यास अन्योन्याश्रय दोष म्हणतात. दगड खरा कशावरून, तर दाखल्यावरून. आणि दाखला खरा कशावरून, तर दगडावरून. दोघे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभे आहेत आणि दोघांच्याही पायांखाली काही नाही. खाली उतरून पाहिले तर एक कावळा सापडतो. अर्जदाराने हे सर्व कुमारी एलेन यांनाही सविस्तर लिहिले होते. त्यांचे उत्तर असे : "आमच्याकडेही कावळे आहेत. परंतु त्यांच्या साक्षीवर आम्ही दगड बदलत नाही." या बाई अर्जदारास आवडू लागल्या आहेत, हे तो लपवीत नाही.

१३. दाखल्याची बातमी घरी सांगणे अर्जदारास भाग होते. सासूबाई निवडलेल्या तांदळाचे सूप घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले. त्या अर्जदाराशी एरवी डोक्यावरचा पदर सावरून आणि मोजके बोलतात. त्या दिवशी म्हणाल्या :

"अठराशे एकोणनव्वदले बा मेला, अन् चौऱ्याण्णवले मी झाली. मंग माह्या मायले काय म्हनायचं, जवाईबापू? मले त्याईची जमीन नोको, घर नोको. तिकडच्या पुस्तकात नाव नाई आलं तं नोको येऊ. पण सरकार शिक्का मारून सांगून राहिली, का हिचा नवरा पाच साल पहिलेच मेला होता. बावीस वर्सं संसार केला तिनं त्या मानसासंग. रोज गरम भाकर करून वाढली. ते काय भुताले वाढली?"

पत्नीने "माय, पानी पे वं" असे म्हटले. त्यांनी पाणी घेतले नाही. अर्जदाराने उभ्या आयुष्यात पुष्कळ वाद जिंकले आहेत. हा प्रश्न मात्र तो योग्य त्या कार्यवाहीस्तव आपल्याकडे सादर करीत आहे. म्हणून हा अर्ज.

१४. आता प्रमाणाचा विचार. १९११ च्या मृत्यूचा कागद नाही, आणि कोतवाल हयात नसल्याने तो आता होणेही नाही. अर्जदार तो हट्ट सोडतो. कुमारी एलेन यांना मृत्यूचा कागद हवाही नाही. मायकल १८८९ नंतर जिवंत होते, एवढेच त्यांना कळावयास हवे. अर्जदार सेवानिवृत्त असून दरवर्षी नोव्हेंबरात कोषागारात जाऊन हयातीचा दाखला देतो. तेथे त्यास पुरावा मागत नाहीत. त्याच्याकडे पाहतात आणि शिक्का मारतात. म्हणजे मनुष्य जिवंत असण्याचे प्रमाण कागद नसून प्रत्यक्ष दर्शन आहे, हे शासनास तत्त्वतः मान्य आहे. मायकल यांना समक्ष हजर होणे अडचणीचे आहे. परंतु एखादा पुरुष सन १८९४ च्या सुमारास हयात होता, यास त्या साली जन्मलेल्या त्याच्या कन्येहून अधिक ठळक प्रमाण निसर्गाने अद्याप निर्माण केलेले नाही.

१५. यावर येऊ शकणारे आक्षेप अर्जदार आधीच निकालात काढतो.

पहिला : पित्याच्या मृत्यूनंतरही अपत्य जन्मू शकते. मान्य, परंतु काही महिन्यांपर्यंत. पाच वर्षे गर्भात राहिल्याचे उदाहरण पुराणांत शोधावे लागेल आणि तेथेही त्यासाठी ऋषी लागतो. रुपरावांच्या घरी सगळे विणकर होते.

दुसरा : प्रयागबाईंचा जन्म १८८९ पूर्वीचा असेल, म्हणजे त्या ऐंशीच्या नसून नव्वदीकडे झुकलेल्या असतील. ही सूचना आपण स्वतः त्यांना करावी. अर्जदाराची ती छाती नाही.

तिसरा : त्या मायकल यांच्याच कन्या कशावरून. कुमारी एलेन यांनी आपले एक छायाचित्र पाठवले आहे. घारे डोळे, पुढे आलेली हनुवटी, आणि समोरचा खोटे बोलत आहे हे आधीच ठरवून टाकल्यावर ओठांस येते ती विशिष्ट घडी. ते छायाचित्र प्रथम पाहिले तेव्हा अर्जदाराच्या पत्नीने विचारले, "मायनं फ्रॉक कधी घातला जी?"

१६. तरी प्रार्थना अशी, की (अ) सन १८८९ च्या दाखल्यावर सही करू नये, (ब) कै. मायकल टोबीन हे सन १८९४ मध्ये हयात होते, असा हयातीचा दाखला मागील तारखेपासून द्यावा. अशा दाखल्याचा नमुना छापील नसल्याची अर्जदारास कल्पना आहे. निवृत्तिवेतनाचा नमुना घेऊन त्यातील "आहे" खोडून "होते" केल्यास काम भागेल. (क) तो कुमारी एलेन यांस ईस्टरपूर्वी पोचेल अशा बेताने विमान टपालाने धाडावा. तिकिटे जोडली आहेत.

१७. आपणांस प्रत्यक्ष प्रमाण पाहता यावे, म्हणून अर्जदार हा अर्ज टपालाने न पाठवता स्वतः घेऊन येत आहे, आणि सासूबाईंना सायकलरिक्षाने सोबत आणीत आहे. त्या आपल्या दालनाबाहेरील बाकावर बसतील. त्यांना काही विचारू नये. विचारल्यास त्या उत्तर देतात. आपण फक्त दार उघडावे, पाहावे, आणि १८८९ चा दाखला घेऊन ती सही त्यांच्या देखत करता येईल का, ते ठरवावे. करता आली, तर अर्जदार पुन्हा या कार्यालयाची पायरी चढणार नाही.

आपला नम्र, आणि आपल्या दप्तरी तूर्त हयात,

(चंद्रभान विश्वनाथ पौनीकर)
नागपूर, दिनांक १८ फेब्रुवारी १९७४

सोबत :
१. कुमारी एलेन टोबीन यांची पत्रे, मराठी भाषांतरासह.
२. भैयाजी, राहणार काटोल, यांचे निवेदन, अंगठ्यासह.
३. कुमारी एलेन यांचे छायाचित्र (अनुक्रमांक ५ शेजारी धरून पाहावे).
४. विमान टपालाची तिकिटे.
५. श्रीमती प्रयागबाई. अस्सल. नक्कल उपलब्ध नाही. पाहून परत कराव्यात.